पहिल्या ओळीच्या आधी

हे मनन डोळे मिटून करण्याचं नाही. ते संगणकासमोर बसूनच करावं लागेल. शाळेची, पतपेढीची, दवाखान्याची, वाचनालयाची, अशी एखादी पीएचपीवर चालणारी वेबसाइट तुमच्या देखरेखीखाली असेल, तर तिची इंडेक्स डॉट पीएचपी ही फाइल उघडा. काही बदलू नका. फक्त पहिली ओळ वाचा आणि तिथेच थोडं थांबा.

ती ओळ लिहिणाऱ्याला वाटलेलं असतं की सुरुवात आपण केली. वाचणाऱ्यालाही तसंच वाटतं. हा समज जरा बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा: ही ओळ चालायच्या आधी काय काय चालून गेलेलं असतं?

सावकाश मागे जा. कुणीतरी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला. मागणी सर्व्हरवर आली. अपाचीने किंवा एनजिनएक्सने ती घेतली, कुठल्या फोल्डरमधली कुठली फाइल हवी आहे ते ठरवलं आणि काम पीएचपीकडे सोपवलं. पीएचपीने आपली सेटिंग बघितली. आणि त्या सेटिंगमध्ये तसं लिहिलेलं असेल, तर तुमची फाइल चालवायच्या आधी पीएचपीने दुसरीच एक फाइल वरपासून खालपर्यंत चालवली. मग तुमची पहिली ओळ आली. त्या दुसऱ्या फाइलचं नाव तुमच्या फाइलमध्ये कुठेही नाही.

ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागते तेव्हा प्रवाशाला पाटी दिसते आणि दार दिसतं. त्याआधी आगारात गाडीत डिझेल भरून झालेलं असतं, ती धुऊन झालेली असते, चालकाने लॉगशीट घेतलेली असते, वाहकाने तिकिटाचं मशीन ताब्यात घेतलेलं असतं. गणपतीच्या दिवसांत कोकणाकडे जादा गाड्या सुटतात, तेव्हा गर्दी कितीही असली तरी हे सगळं प्रत्येक गाडीच्या वाट्याला येतंच. प्रवासी यातलं काहीच मागत नाही. गाडी कुठे लागली आहे, एवढंच तो विचारतो. पीएचपीच्या पानाचीही अशी आगारातली वेळ असते. एक फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. ब्रेक नीट लागत नसतील तर चालक गाडी बाहेर काढायला नकार देऊ शकतो. पानाला तशी सोय नाही. त्याच्या आधी जे चाललं, ते घेऊनच त्याला निघावं लागतं.

या सोयीचं नाव ऑटो प्रीपेंड फाइल. तिची एक जोडीदार आहे, ऑटो अपेंड फाइल, ती पान संपल्यावर चालते. पण पानाने मध्येच एक्झिट म्हटलं तर अपेंडची फाइल चालत नाही, म्हणून तिच्यावर फारसं कुणी विसंबत नाही. सुरुवातीच्या फाइलला कुठलंही पान चुकवू शकत नाही. आपलं मनन तिच्यापुरतंच ठेवू.

ही सोय का हवी होती, तेही बघायला हवं, नाहीतर आपण तिला उगाच दूषण देऊ. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५मध्ये पीएचपीची पहिली हत्यारं लोकांसमोर ठेवली, तेव्हा वेबसाइट म्हणजे सुट्या सुट्या फाइलींचा ढीग असे. संपर्काचं पान वेगळं, सूचनांचं वेगळं, निकालाचं वेगळं. प्रत्येक पानाला डेटाबेसची जोडणी तीच, वरची पट्टी तीच, तारीख दाखवण्याची रीत तीच. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर रिक्वायरची एकेक ओळ लिहायची, म्हणजे एखादं पान हमखास सुटणार. त्यापेक्षा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एकच ओळ लिहिली की पुढे कितीही पानं वाढली तरी चिंता नाही. मागाहून आलेला कुणी नवखा मुलगा पान लिहील, त्यालाही तो सामाईक कोड आपोआप मिळेल. यात काळजी आहे. दुसऱ्याचं काम आधीच करून ठेवण्याची ती वृत्ती आहे आणि ती मला मनापासून आवडते.

आता त्या ओळीच्या जागा एकेक करून डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर पीएचपी डॉट आयएनआय, तिथे लिहिलं तर सर्व्हरवरच्या यच्चयावत साइटींना लागू. त्याखाली अपाचीचं कॉन्फिगरेशन, तिथे एका डोमेनपुरतं लिहिता येतं. त्याखाली फोल्डरमधली डॉट एचटीअ‍ॅक्सेस, तिच्यात पीएचपी व्हॅल्यू या शब्दाने सुरू होणारी ओळ. एनजिनएक्सवाले तीच गोष्ट फास्टसीजीआयच्या पॅरामीटरमधून पाठवतात. आणि २००९मध्ये पीएचपी ५.३ आल्यापासून डॉट यूजर डॉट आयएनआय नावाची फाइल, ती कुठल्याही फोल्डरमध्ये ठेवा, त्या फोल्डरला आणि त्याच्या पोटातल्या फोल्डरांना लागू. जितकं वर लिहाल तितकं ते लांबवर पोचतं, आणि तितकंच ते लिहिणाऱ्याच्या नजरेपासून दूर जातं.

आपल्या साइटवर असं काही आहे का, हे पीएचपी इन्फोच्या पानावर बघता येतं. (ते पान बघून झालं की लगेच काढून टाका, परक्याने बघावं असं ते नाही.) त्यात ऑटो प्रीपेंड फाइलची एक ओळ आहे आणि तिच्यापुढे दोन रकाने. एकात या फोल्डरची किंमत, दुसऱ्यात सर्व्हरची मूळ किंमत. दोन्हीकडे ‘नो व्हॅल्यू’ असेल तर तुमची पहिली ओळ खरोखरच पहिली. सर्व्हरचा रकाना रिकामा आणि फोल्डरचा भरलेला असेल, तर ती ओळ कुणीतरी मुद्दाम याच साइटसाठी लिहिली आहे. त्या माणसाचा विचार करा. त्याला कुठली अडचण सोडवायची होती? तो अजून तुमच्या ओळखीत आहे का?

आणि एक गोष्ट. ही सेटिंग पानाच्या आतून बदलता येत नाही. आयएनआय सेट हे फंक्शन इतर कितीतरी गोष्टी चालू पानात बदलू देतं, या बाबतीत मात्र ते नुसतं ‘फॉल्स’ परत करतं. दुसरं होणार तरी काय? पान बोलायला लागतं तोवर ती फाइल चालून गेलेली असते. नको असेल तर तेही वरूनच सांगावं लागतं. त्या फोल्डरसाठी ‘नन’ असं लिहिलं की तेवढ्यापुरती सक्ती उठते.

इथून आपण एका मोठ्या घरी जाऊ. मराठी विकिपीडिया २००३च्या महाराष्ट्र दिनी सुरू झाला. समजा, खोपटच्या एखाद्या विद्यार्थिनीने त्यातल्या ठाण्याच्या लेखात सिद्धेश्वर तलावाविषयी एक वाक्य घातलं आणि जतन केलं. नुसतं वाचणाऱ्या बहुतेकांना तयार ठेवलेली प्रत मिळते, त्यांच्यासाठी पीएचपीला उठावं लागत नाही. जतन करणारीसाठी मात्र उठावं लागतं, कारण विकिपीडियाला चालवणारं मीडियाविकी पीएचपीत लिहिलेलं आहे. आणि विकिमीडियाच्या सर्व्हरांवर मीडियाविकीची पहिली ओळ चालायच्या आधी एक छोटी फाइल चालते, तिचं नावच पीएचपी ऑटो प्रीपेंड आहे. विकिमीडिया आपलं कॉन्फिगरेशन उघड्यावर ठेवते, तेव्हा ती फाइल तुम्हालाही वाचता येईल. जरूर वाचा.

ती काय करते? मुख्यतः मोजते. टिम स्टार्लिंग यांनी लिहिलेलं एक्सायमर नावाचं एक्स्टेंशन तिथून सुरू होतं आणि विरळ अंतराने डोकावून बघतं, की या क्षणी कुठलं फंक्शन चालू आहे आणि ते कुणी बोलावलं. सगळ्या सर्व्हरांवरचे असे नमुने एकत्र आले की त्यांचा आलेख तयार होतो आणि वेळ कुठे जातो ते दिसू लागतं. इंग्रजी विकिपीडिया असो, मराठी असो, फाइल एकच. सिद्धेश्वर तलावाविषयीचं ते वाक्य जतन होत असतानाही ती आधी चालून गेलेली असते.

या उदाहरणाजवळ जरा जास्त वेळ बसा. ती फाइल उद्या काढून टाकली असं समजा. लेख उघडेल का? उघडेल. वाक्य जतन होईल का? होईल. मोजमाप तेवढं थांबेल. म्हणजे पानाला तिचा पत्ता नाही आणि पानाचं तिच्यावाचून अडतही नाही. माझ्या मते ऑटो प्रीपेंडची हीच कसोटी आहे, आणि या विषयावर मला जे सांगायचं आहे ते एवढंच. जे काढलं तर पान तसंच्या तसं उभं राहतं, ते न मागता पुढे ठेवायला हरकत नाही: वेळ मोजणं, चुकांची नोंद एका जागी करणं, संशयास्पद मागणी दारातच अडवणं. जे काढलं तर पान कोसळतं, ते पानाने स्वतःच्या तोंडाने मागितलं पाहिजे. डेटाबेसची जोडणी पानाला हवी आहे ना? मग पानाच्या डोक्यावर रिक्वायरची ओळ असू द्या. ती ओळ कंटाळवाणी वाटली तरी वाचणाऱ्याला खरं सांगते.

ही कसोटी तुमच्या साइटला लावून बघा. घाई नको. त्या आधी चालणाऱ्या फाइलमध्ये कुठली फंक्शनं आहेत? त्यातलं कुठलं फंक्शन तुमची पानं रोज वापरतात? समजा, पतपेढीच्या साइटवर रुपयांची रक्कम स्वल्पविराम देऊन, लाख-कोटीच्या हिशेबाने दाखवणारं एक फंक्शन आहे आणि ते ऑटो प्रीपेंडच्या फाइलमध्ये ठेवलेलं आहे. दिवसभर सगळी पानं ते वापरतात. वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. मग एक दिवस कुणी ठरवतं की ठेवींच्या मुदतीची आठवण सभासदांना रात्री आपोआप जावी. त्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये तपासली, उत्तम चालली. मग ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये लावली. सकाळी बघावं तर एकालाही निरोप गेलेला नाही आणि लॉगमध्ये एकच ओळ: कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन.

काय झालं? क्रॉनने स्क्रिप्ट थेट चालवली. वेब सर्व्हर मध्ये आलाच नाही. डॉट एचटीअ‍ॅक्सेस अपाची वाचतो, अपाचीच नाही तर ती कोण वाचणार? डॉट यूजर डॉट आयएनआय फक्त सीजीआय आणि फास्टसीजीआयच्या वाटेने आलेल्या मागणीसाठी वाचली जाते. डेबियन आणि उबुंटूवर तर कमांड लाइनची पीएचपी डॉट आयएनआयसुद्धा वेगळ्या फोल्डरमध्ये असते. स्क्रिप्ट तीच, अक्षर न् अक्षर तेच, पण तिच्या आधी काहीच चाललं नाही. दिवसा ती ज्याच्या आधारावर उभी होती ते रात्री नव्हतं, आणि आपण आधारावर उभ्या आहोत हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याने ती लिहिली त्याने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. त्याने पान वाचलं होतं, पण पान अपुरं होतं. म्हणून मला वाटतं की न मागता मिळालेल्या सोयीचा खरा खर्च ती सोय मांडणाऱ्याला पडतच नाही. तो काही वर्षांनी येणाऱ्या माणसाला पडतो, तोही रात्रीच्या वेळी, तोही एकट्याला.

आता आणखी जवळ या. आधी चालणारी फाइल आणि तुमचं पान यांच्यामध्ये भिंत नसते. दोन्ही एकाच जागेत, ग्लोबल स्कोपमध्ये चालतात. त्या फाइलमध्ये कुणी मोजणीसाठी ‘आय’ नावाचं व्हेरिएबल वापरलं असेल, तर ते तुमच्या पहिल्या ओळीला शिल्लक असतं, शेवटच्या किमतीसकट. तिथे ‘नाव’ असं काही ठेवलं असेल आणि तुमच्या पानाने नाव आलं आहे की नाही हे तपासलं, तर उत्तर ‘आलं आहे’ असं मिळेल, कुणीही काही भरलेलं नसताना. उपाय सोपा आहे. त्या फाइलमधलं सगळं एका अनामिक फंक्शनच्या आत ठेवायचं आणि ते तिथल्या तिथे बोलवायचं. फंक्शन संपलं की आतली व्हेरिएबलं पुसली जातात. आपण येऊन गेलो याचा माग मागे राहू नये, इतकी शिस्त आधी येणाऱ्याने पाळायला हवी.

यापेक्षाही बारीक एक गोष्ट आहे आणि मराठी साइटींशी तिचं जवळचं नातं आहे. शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टांच्या काळातून आपण युनिकोडमध्ये आलो, तेव्हा पुष्कळांनी पीएचपीच्या फाइली विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडून देवनागरी मजकूर घातला आणि ‘यूटीएफ-८’ निवडून जतन केलं. त्या काळचं नोटपॅड अशा फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट स्वतःहून घालत असे. बॉम म्हणतात त्यांना. ते पडद्यावर दिसत नाहीत, कर्सरला लागत नाहीत. पण पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेच्या आधी जे काही असेल, ते पीएचपी निमूटपणे बाहेर पाठवते. हे तीन बाइटही ती पाठवते. आणि एकदा मजकूर बाहेर गेला की हेडर पाठवता येत नाही, म्हणजे कुकी ठेवता येत नाही, लॉग-इननंतर दुसऱ्या पानावर नेता येत नाही. ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ हा निरोप अनेकांच्या ओळखीचा असेल.

एका पानात ते तीन बाइट असले तर ते एक पान बिघडतं. ऑटो प्रीपेंडच्या फाइलमध्ये असले तर? मनातल्या मनात त्यांचा प्रवास बघा. प्रत्येक पानाच्या आधी तीन बाइट. पीएचपीने तयार केलेल्या प्रत्येक चित्राच्या आधी तीन बाइट, म्हणून चित्र उघडत नाही. पावतीच्या पीडीएफच्या आधी तीन बाइट. मोबाइल अ‍ॅपला जाणाऱ्या जेसनच्या आधी तीन बाइट, म्हणून अ‍ॅप म्हणतं उत्तर समजलं नाही. शोधणारा चित्राच्या कोडमध्ये शोधतो, पावतीच्या कोडमध्ये शोधतो, तिथे काहीच सापडत नाही. आउटपुट बफरिंग चालू असेल तर हेडरची तक्रारही येत नाही, दोष आणखी खोल दडतो. विंडोज १०च्या २०१९मधल्या आवृत्तीपासून नोटपॅडने बॉम न घालता जतन करायची रीत धरली. जुन्या फाइलींत मात्र ते तीन बाइट अजून असू शकतात. फाइलच्या शेवटी बंद करण्याची खूण आणि तिच्यानंतर सुटलेल्या दोन रिकाम्या ओळी, यांनीही हेच होतं. म्हणून ती शेवटची खूण लिहूच नये. पीएचपीला तिची गरज नसते.

आता या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी ओळ. साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली. फाइली गेल्या, डेटाबेस गेला, डॉट यूजर डॉट आयएनआयसुद्धा गेली. तिच्यात जुन्या सर्व्हरवरचा पूर्ण रस्ता लिहिलेला आहे, नव्या सर्व्हरवर त्या नावाचा फोल्डरच नाही. पीएचपी ती फाइल रिक्वायरच्या नियमाने मागते, आणि रिक्वायर म्हणजे मिळाली नाही तर सगळं थांबवायचं. साइटचं एकही पान उघडत नाही. लॉगमध्ये येतं: फेल्ड ओपनिंग रिक्वायर्ड, मग त्या फाइलचा रस्ता, आणि शेवटी: इन अननोन, ऑन लाइन झिरो.

ठिकाण अननोन. ओळ शून्य. इथे थोडं थांबा. पीएचपी खोटं बोलत नाही. ही मागणी कुठल्याच फाइलच्या कुठल्याच ओळीवर झालेली नाही, म्हणून तिला ओळ नाही. पण मागणारा माणूस होता. त्याने एका संध्याकाळी ती सेटिंग लिहिली, काम झालं म्हणून समाधानाने निघून गेला. वर्डप्रेसवर वर्डफेन्स हे सुरक्षेचं प्लगइन आपली भिंत याच सोयीने सगळ्यांच्या आधी उभी करतं, आणि साइट हलवताना अडखळणाऱ्या पुष्कळांना ही शून्यावी ओळ तिथेच भेटते. प्लगइनचं काम योग्यच आहे. मघाच्या कसोटीला ते पुरेपूर उतरतं, भिंत काढली तरी पान उभं राहतं. पण भिंत काढली, आणि भिंत हवी असं सांगणारी ओळ राहिली, तर पान उभं राहत नाही.

उलटही होतं आणि ते जास्त घातक. पुष्कळ डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये ही ओळ एका अटीत गुंडाळलेली असते: अमुक नावाचं पीएचपी मॉड्यूल असेल तरच लागू. पीएचपी ७चं मॉड्यूल एका नावाचं, पीएचपी ८मध्ये नाव बदललं. होस्टिंगवाल्याने आवृत्ती वाढवली की अट खोटी ठरते, ओळ गप्प बसते, आणि सुरक्षेची फाइल चालेनाशी होते. एकही चूक दिसत नाही. साइट छान चालू असते. अट नसती आणि होस्टिंगने एफपीएमकडे, म्हणजे फास्टसीजीआयकडे, वाट वळवली असती, तर निदान पाचशे क्रमांकाची चूक येऊन सगळं बंद पडलं असतं आणि कुणीतरी बघितलं असतं. सुरक्षेच्या बाबतीत मला बोंब मारणारा बिघाड परवडतो, गप्प बिघाड परवडत नाही.

कारण या जागेवर डोळा ठेवून असणारेही आहेत. मे २०१२मध्ये पीएचपीच्या सीजीआय वाटेतली एक भेग उघड झाली: पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढे नीट रचलेला मजकूर दिला की तो पीएचपीची सेटिंग म्हणून वाचला जाई. हल्लेखोरांनी कुठली सेटिंग निवडली? ऑटो प्रीपेंड फाइल. तिची किंमत त्यांनी अशी दिली, की मागणीसोबत मी जो मजकूर पाठवतो आहे तोच आधी चालव. त्यांना साइटवरची कुठलीही फाइल बदलावी लागली नाही. बारा वर्षांनी, जून २०२४मध्ये, तैवानच्या डेव्हकोर या संस्थेतल्या ऑरेंज त्साई यांनी दाखवून दिलं की विंडोजवर, चिनी आणि जपानी भाषांच्या मांडणीत, हायफनसारखा भासणारा एक वेगळा वर्ण हायफन म्हणून बदलला जातो आणि तीच जुनी वाट पुन्हा उघडते. आपल्याकडे कॉलेजच्या मुलांच्या लॅपटॉपवर दिसणाऱ्या झॅम्पची विंडोज आवृत्तीही त्या तडाख्यात होती. हल्ल्यात पुन्हा तीच सेटिंग. पहिल्या ओळीच्या आधीची जागा ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुढचं सगळं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

सामाईक कोड आणण्याच्या दुसऱ्या वाटा आज आहेत आणि बहुतेक कामांसाठी त्याच बऱ्या. २००५च्या पीएचपी ५.१पासून एखादा क्लास लागेल तेव्हाच त्याची फाइल शोधून आणणारी व्यवस्था नोंदवता येते, २०१२मध्ये कंपोजर आल्यावर ती घरोघरी पोचली. पानाच्या डोक्यावर एकच ओळ, बाकी सगळं मागेल तसं. ती एक ओळ ब्राउझरमधूनही चालते, क्रॉनमधूनही चालते.

मग तुमच्या साइटवरची ती जुनी फाइल काढायची असेल तर? आधी तिच्यातली फंक्शनं ज्या पानांना लागतात, त्या पानांच्या डोक्यावर रिक्वायर वन्सची ओळ लिहा. तसं लिहिल्याने फाइल आत्ताच दोनदा चालत नाही आणि उद्या सुरुवातीची सक्ती उठली तरी पानं उभी राहतात. क्रॉनमधल्या स्क्रिप्टा विसरू नका. मग डॉट यूजर डॉट आयएनआयमधली ओळ काढा, आणि लगेच फाइल पुसायला धावू नका. पीएचपी ती सेटिंग दर मागणीला नव्याने वाचत नाही. मुळात ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं, ती लक्षात ठेवते. या पाच मिनिटांत फाइल पुसली तर साइट बंद पडून शून्यावी ओळ लॉगमध्ये येईल. ती पाच मिनिटं नुसती बसून घालवा किंवा पुसायची फाइल एकदा शेवटपर्यंत वाचा, तिच्यात कुणाची टिपणी असेल, तारीख असेल. मग पीएचपी इन्फोचं पान पुन्हा उघडा. दोन्ही रकान्यांत ‘नो व्हॅल्यू’ दिसलं की फाइल काढायला हरकत नाही.